ड्युई फिलिप्स आणि चालू राहिलेला माईक

श्रोतेहो, नमस्कार.

आज गोष्ट सांगायची आहे एका निवेदकाची. गायकाची नव्हे, निवेदकाची. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीकाठी मेम्फिस नावाचं शहर आहे. तिथला हा ड्युई फिलिप्स.

महायुद्धात लढून आलेला हा तरुण मेम्फिसच्या मेन स्ट्रीटवर एका दुकानात तबकड्या विकायचा. 1949 मध्ये तो डब्ल्यू-एच-बी-क्यू या रेडिओ केंद्रावर आला. स्टुडिओ एका हॉटेलात, कार्यक्रम रात्रीचा, नाव 'रेड, हॉट अँड ब्लू'. बोलणं अस्सल गावठी आणि सुसाट. गाणं चालू असतानाही हा मध्येच बोलायचा. खरं तर गाण्यावर बोलणारे निवेदक मला मुळीच सहन होत नाहीत. पण ड्युईला मी माफ करतो, कारण तो काय वाजवायचा ते बघा. काळ्या गायकाचं ब्लूज, लगेच गोऱ्या गायकाचं गाणं, त्याला लागून चर्चमधलं गॉस्पेल. त्या काळी मेम्फिसमध्ये काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागासुद्धा वेगळ्या. पण रात्री कोणाच्या घरात कुठलं केंद्र लागलंय, हे बघायला कोणी येत नव्हतं. ड्युईला दोन्ही वस्त्या ऐकायच्या. दोन्ही वस्त्या, हे लक्षात ठेवा.

आता 1954 चा जुलै महिना. सॅम फिलिप्स नावाचा एक रेकॉर्डिंगवाला ड्युईकडे नमुन्याची तबकडी घेऊन आला. दोघांचं आडनाव एकच, नातं मात्र काही नाही. तबकडीवर आवाज होता एकोणीस वर्षांच्या एका पोराचा. पोरगा ट्रक चालवायचा. नाव एल्विस प्रेस्ली, पुढे जगभर गाजलेला गायक.

आज रात्री आपलं गाणं लागणार, हे एल्विसला कळलं होतं. त्यानं घरच्या रेडिओवर ते केंद्र लावून ठेवलं, आईवडिलांना सांगितलं, हलवू नका, आणि स्वतः सरळ सिनेमाला निघून गेला. घरी बसून ऐकायचा धीरच होईना!

इकडे ड्युईनं तबकडी लावली. फोन खणखणायला लागले, तारा यायला लागल्या. त्यानं पुन्हा लावली. मग पुन्हा. शेवटी त्यानं एल्विसच्या घरी फोन केला, पोराला इकडे पाठवा म्हणाला. आईवडील धावत थिएटरात गेले आणि अंधारात रांगांमधून पोराला शोधून काढलं.

एल्विस स्टुडिओत आला तो थरथरतच. म्हणाला, मुलाखत कशी देतात ते मला ठाऊक नाही. ड्युई म्हणाला, काही नाही, फक्त वंगाळ बोलू नकोस. तबकड्या तयार आहेत, मुलाखत सुरू करायची झाली की सांगतो. आणि सहज गप्पा मारत बसला. कुठल्या शाळेत होतास रे? एल्विस म्हणाला, ह्यूम्स हायस्कूल. अजून थोड्या गप्पा झाल्या. मग ड्युई म्हणाला, ठीक आहे, आभारी आहे.

एल्विस बावरला. मुलाखत नाही घ्यायची?

झाली की! माईक मघापासून चालूच होता.

पोराला दरदरून घाम फुटला.

आता शाळेचंच नाव का विचारलं? कारण आवाज ऐकून कित्येकांची समजूत झाली होती की गाणारा काळा आहे. ह्यूम्स ही गोऱ्यांची शाळा. आपल्याकडे आडनाव विचारून जे काढून घेतात, ते ड्युईनं शाळा विचारून श्रोत्यांना कळवलं. शाळांमधला हा भेद घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी 17 मे रोजी दिला होता. जेमतेम दोन महिने झाले होते. आणि गंमत अशी, की मूळ गाणं होतंच एका काळ्या गायकाचं. आर्थर क्रुडप यांनी ते 1946 मध्ये गायलं होतं. जगभर गाजलेल्या या गाण्याच्या मानधनासाठी त्यांना आयुष्यभर झगडावं लागलं. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, निवेदकांनी गीतकार-संगीतकारांची नावं गाळू नयेत. हल्लीच्या खासगी केंद्रांवर गाण्याचं नावसुद्धा सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

असो. ड्युईचं पुढे काय झालं? 1958 च्या सुमारास त्याच्या केंद्रानं ठरावीक यादीतली लोकप्रिय गाणीच वाजवायचं धोरण धरलं. यादी आली आणि ड्युई गेला. मोटार अपघातांनी शरीर खिळखिळं झालेलं, त्यात वेदनाशामक गोळ्या आणि दारू. लहानसहान केंद्रांवर कामं करत राहिला. 28 सप्टेंबर 1968 रोजी तो वारला, तेव्हा अवघा 42 वर्षांचा होता.

तर आता ऐकूया तेच गाणं, 'दॅट्स ऑल राईट'. गीत आणि संगीत आर्थर क्रुडप, गायक एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक. पूर्ण ऐका, मी मध्ये बोलणार नाही.