मांडूची गोरखचिंच

नमस्कार श्रोतेहो. पाऊस लागला की आमच्या इंदूरच्या घरी पुण्या-नागपूरहून फोन येतात, "चार दिवस आहेत, मध्य प्रदेशात काय काय बघू?" सांची, भीमबेटका, खजुराहो, तिन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. भेडाघाटला नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. पण चार दिवसांत सगळीकडे धावू नका. मांडू आणि महेश्वर करा. पुन्हा सांगते, मांडू आणि महेश्वर, आणि मांडूला एक रात्र राहा.

गेल्या श्रावणात माझी आत्या आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. मांडू इथून सुमारे १०० किलोमीटर, तेव्हा दशम्या आणि लसणाची चटणी बांधून निघालो. दशम्या दुधातच भिजवाव्यात हो, पाण्यात भिजवलेल्यांना दशमी म्हणू नये. जहाज महालाच्या दोन्ही अंगांचे तलाव तुडुंब भरले होते. रूपमतीच्या मंडपाचा चढ पाहून आत्या म्हणाली, "मी रेवाकुंडापाशी बसते, तुम्ही नर्मदा बघून या." वर नुसतं धुकं. नर्मदा दिसलीच नाही.

खाली येते तर आत्या एका फळवालीच्या ताडपत्रीखाली मांडी घालून बसलेली! बाईच्या मांडीवर दशमी, आत्याच्या हातात दुधीएवढं लव असलेलं फळ. सगळे त्याला खुरासानी इमली म्हणतात. बाईनं दगडानं फोडलं. आत खडूसारखा पांढरा, कोरडा गर. आत्यानं चोखून पाहिला आणि डोळे मिटले. "अगं, ही तर गोरखचिंच! माझ्या शाळेच्या वाटेवर झाड होतं. साठ-पासष्ट वर्षांनी जिभेला लागली." मूळ आफ्रिकेचं हे झाड, त्याचं पिंपासारखं खोड मांडूत जागोजागी दिसतं. दोघी तासभर बोलत होत्या, एक निमाडी, एक पुणेरी. आत्यानं चार फळं घेतली. घरी येऊन गर भिजवला, गूळ जरा जास्त घातला आणि आमटी केली. चिंचेपेक्षा हलकी, आमसुलापेक्षा गोडसर.

महेश्वरला मात्र मुक्काम करूनच आलो होतो. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, महेश्वर त्यांची राजधानी. नर्मदेचे घाट, हातमाग, सगळं निवांत बघा. आत्या कठड्याला धरून शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, ओंजळ भरली आणि म्हणाली, "काल वरून दिसली नाहीस ना, म्हणून खाली आले."