निळ्या थर्मासमधल्या दोन कुप्या

(दृश्य: रिकाम्या टेबलावर निळा थर्मास. कॅमेरा झाकणापाशी येऊन थांबतो.)

सप्टेंबर १९७६. झाईरहून, म्हणजे आजच्या काँगोहून, बेल्जियमला निघालेल्या एका विमानात एका प्रवाशाच्या हातातल्या सामानात एक थर्मास होता. प्रवासात चहा-कॉफी न्यायला वापरतात तसाच. निळा, चकचकीत. आत बर्फ होता आणि त्या बर्फात रक्ताच्या दोन कुप्या होत्या. तापाने आजारी पडलेल्या एका बेल्जियन ननचं ते रक्त.

अँटवर्पच्या प्रयोगशाळेत २७ वर्षांच्या पीटर पिओट यांनी सहकाऱ्यांसोबत तो थर्मास उघडला. अंगात पांढरा कोट, हातात मोजे. बस, एवढंच. बर्फाचं पाणी झालं होतं. एक कुपी फुटली होती आणि तिच्यातलं रक्त त्या पाण्यात मिसळलं होतं. सोबतची चिठ्ठीसुद्धा भिजलेली. दुसरी कुपी तेवढी शाबूत राहिली. तिच्यातून जो विषाणू हाती आला, त्याला पुढे इबोला हे नाव मिळालं.

नमुना पाठवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण काय पाठवतोय हे त्या दिवशी जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण संसर्गजन्य पदार्थांच्या वाहतुकीचे आजचे नियम वाचायला घेतले, की ओळीओळीला तो थर्मास डोळ्यांपुढे येतो.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल. मोजे घातलेले दोन हात एक कुपी पॅक करतायत.)

हे हात बघा. झाकण घट्ट फिरवलं. तेवढ्यावर काम भागत नाही. प्रवासातल्या थरथरीने झाकणाचे आटे सैल होऊ शकतात, म्हणून वरून पॅराफिल्मची, म्हणजे ताणल्यावर घट्ट चिकटणाऱ्या मेणचट फिल्मची, पट्टी ताणून गुंडाळली. मग कुपीभोवती शोषक कागद. किती? कुपी पूर्ण फुटली तरी शेवटचा थेंब त्यात जिरला पाहिजे, इतका. कुप्या दोन असतील तर प्रत्येक वेगळी गुंडाळायची, एकीची काच दुसरीला लागता कामा नये. हे सगळं दुसऱ्या, गळती न होणाऱ्या डब्यात जातं. आत काय काय आहे त्याची यादी या डब्याच्या बाहेर ठेवायची, म्हणजे आत काही सांडलंच तरी कागद कोरडा राहतो. आणि मग सगळ्यात बाहेरचा भक्कम खोका. याला तिहेरी पॅकिंग म्हणतात.

आता प्रश्न असा, की प्रत्येक नमुना सारखाच धोक्याचा असतो का? नसतो. संपर्क आला तर धडधाकट माणसाला किंवा प्राण्याला कायमचं अपंगत्व किंवा जीवघेणा आजार देऊ शकेल, असा पदार्थ श्रेणी ‘ए’ मध्ये मोडतो. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचा (यूएन) क्रमांक असतो. माणसांना बाधणाऱ्या पदार्थाचा तो यूएन २८१४, फक्त जनावरांना बाधणारा असेल तर यूएन २९००. बाकीचे संसर्गजन्य नमुने श्रेणी ‘बी’, म्हणजे यूएन ३३७३.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. नुसतं रोगाचं नाव पाहून श्रेणी ठरत नाही. क्षयरुग्णाची थुंकी तपासणीला पाठवायची असेल तर ती साधारणपणे ‘बी’. त्याच थुंकीतले जिवाणू प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवले, की तो कल्चर विमानाने जाताना ‘ए’. जंतू तेच, पण त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली. एचआयव्हीचंही तसंच. इबोला मात्र कुठल्याही रूपात असो, तो ‘ए’च. आणि ठरवता येत नसेल, शंका असेल, तर नमुना ‘ए’ समजूनच पाठवायचा.

(दृश्य: चाचणीचा उंच मनोरा. खोका वर चढवला जातोय.)

श्रेणी ‘ए’च्या खोक्याची परीक्षा पाहण्यासारखी असते. हा खोका ९ मीटरवरून, म्हणजे जवळपास तीन मजल्यांवरून, खाली सोडतात. एका बाजूवर, मग दुसऱ्या, मग कोपऱ्यावर. पुठ्ठ्याचा असेल तर आधी तासभर कृत्रिम पावसात भिजवतात, प्लॅस्टिकचा असेल तर उणे १८ अंशांपर्यंत गार करतात. त्यानंतर ७ किलोचा पोलादी दांडा १ मीटरवरून त्यावर टाकतात. इतकं होऊनही आतली कुपी गळता कामा नये. श्रेणी ‘बी’ला पडण्याची उंची १.२ मीटर. हमालाच्या हातून पेटी निसटली तर ती साधारण इतक्याच उंचीवरून पडेल.

शिवाय आतल्या कुपीने किंवा दुसऱ्या डब्याने ९५ किलोपास्कलचा दाब न गळता सोसायला हवा. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १०१ असतो, म्हणजे बाहेरची जवळजवळ सगळी हवा काढून घेतली तरी झाकण उडायला नको, अशी ही अट आहे.

आणि बर्फ! त्याला आतल्या डब्यात जागाच नाही. तो दुसऱ्या डब्याच्या बाहेर राहतो. साधा बर्फ असेल तर बाहेरच्या खोक्यातून पाणी गळू नये, ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, असेल तर उलट, वायूला वाट हवी. ड्राय आइसचं पाणी होत नाही, उणे ७८.५ अंशांना त्याचा थेट वायू बनतो. तो हवाबंद डब्यात कोंडला तर डबा फुटतो. आणि बर्फ संपल्यावर आतला डबा मोकळा होऊन आदळू नये म्हणून त्याला आधारही द्यावा लागतो. थर्मासमधल्या त्या कुप्यांना असा आधार असता तर, असं राहून राहून वाटतं.

(दृश्य: खोक्याची एक बाजू, जवळून.)

कोनावर उभा केलेला हा चौकोन, आत यूएन ३३७३. बाजू किमान ५० मिलिमीटर. जवळच जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर. हे सगळं कुणासाठी? आत काय आहे हे ज्याला कधीच कळणार नाही त्याच्यासाठी. सामान चढवणारा, गाडी हाकणारा, रात्रपाळीत पार्सलं वेगळी करणारा. खोका ओला दिसला तर त्याने हात लावायचा की थांबून फोन करायचा, हे त्याला या चौकोनावरूनच समजतं. म्हणून लेबल चुकवणं मला निव्वळ कागदी चूक वाटत नाही. त्या माणसाचा आपल्यावर विश्वास असतो.

हातातल्या सामानातून असे नमुने नेण्यावर आज पूर्ण बंदी आहे. अंगावर नाही, बॅगेतही नाही. श्रेणी ‘ए’ प्रवासी विमानाने पाठवताना एका खोक्यात ५० मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही, मालवाहू विमानात ४ लिटरपर्यंत चालतं.

(दृश्य: दुसरी प्रयोगशाळा. खोका उघडून रिकामा झालाय.)

नमुना पोचला. पोचल्याचं पाठवणाऱ्याला कळवलं. हा रिकामा खोका परत जाणार असेल तर तो आधी निर्जंतुक करायचा, आणि मग तो चौकोन खरवडून काढायचा किंवा पूर्ण झाकायचा. रिकाम्या खोक्यांवर तो तसाच फिरत राहिला, तर पुढचा भरलेला खोका हातात घेताना कुणी त्याच्याकडे बघणार नाही.