पिक्चरमधल्या चोराले नाव द्या

मंडळी, तुम्ही पोट्ट्यांनी मोबाईलवर काढलेली चोरीची शॉर्टफिल्म मी पाह्यली. कॅमेरा चांगला धरला, एडिटिंगही जमली, पण चोर दाखवायचा म्हटल्यावर सरळ पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, माणूस उभा केला, तोंडाले दुपट्टा बांधलेला, अन् पूर्ण पिक्चरभर त्याले नावच नाही. पाटलाले नाव आहे, हवालदाराले आहे, चोर नुसता 'पारधी'. हे मले लागलं, म्हणून आज त्यावरच बोलतो.

क्राइम पिक्चर रिअल पाहिजे म्हणता, शिव्या, अंधार, रक्त, सगळं ठीक आहे, पण संशयित कोण हे तुम्ही ठाण्याच्या रजिस्टरवरूनच उचललं ना! ते रजिस्टर इंग्रजांचं आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, म्हणजे त्या जमातीत जन्मला की गुन्हेगार, हजेरी लाव, गाव सोडायचं तर परवानगी माग. 31 ऑगस्ट 1952 ले तो देशभर रद्द झाला, तरी गावात मोटारपंप चोरीले गेला की जीप आधी बेड्याकडेच वळते, आपण सगळे पाहून राहिलो. फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर-बटेर धरणारे लोक, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकारच गुन्हा झाली, बापजाद्याचा धंदा गेला अन् जमीन तर बहुतेकांजवळ नव्हतीच. हे तुमच्या पिक्चरमध्ये कुठंच नाही, अन् माझ्या मते खरी स्टोरी हीच आहे.

'जय भीम' पाह्यला असंल, 2021 चा, तमिळ. सुरुवातीचाच सीन आठवा. जेलमधून सुटलेले लोक फाटकावर येऊन राहिले, तिथं एकेकाले जात विचारतात, वरच्या जातीचा असला की जा घरी, इरुलर-कुरवर अशा तिकडच्या जमातीचा असला की बाजूले हो, अन् जुन्या न लागलेल्या केसेस यांच्या नावावर टाकायले बाहेर पोलीस उभेच, न्यायले आलेले घरचे लोक तिथंच पाहत राहतात. पुढं ज्याले चोरीच्या संशयावर धरतात त्या इरुलर माणसाचं झोपडं, बायकोवरचं प्रेम, शेतात उंदीर धरणं हे सगळं आपण त्याच्या अटकेच्या आधीच पाहतो, म्हणून कोठडीतला मार आपल्यालेही लागते. तरी त्यात कमी आहेच. ज्या खऱ्या केसवर पिक्चर आहे ती 1993 ची, त्यातला माणूस कुरवर होता, पिक्चरमध्ये इरुलर केला, मुख्य कलाकार त्या समाजातले नाहीत अन् लढाई शेवटी वकीलच जिंकते.

'झुंड'मध्ये नागराज मंजुळेनं नागपूरच्याच वस्तीतले पोट्टे घेतले, मालगाडीतला कोळसा चोरतात, चेन ओढतात, काहीच लपवलं नाही, पण बोली त्यांचीच, लोकांले हसवायसाठी ठेवलेली नाही. नाहीतर मराठी पिक्चरमध्ये आपल्यासारखं बोलणारा म्हणजे बहुतेक विनोदी गडी.

बाया तर तुमच्या फिल्ममध्ये नुसत्या रडतात! वर्धेत सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून, तिथं पोटासाठी मोहाची दारू काढणारी बाई आहे अन् ती दारू सांडवणारीही बाईच आहे, लिहा ना एकदा या दोघींवर.

अन् गुन्हा म्हणजे चोरीच काऊन? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, त्या गोष्टीत आरोपी कोण दाखवाल? ज्याच्या पाठीवर पंप होता त्याले हातमोजे कोणी दिले नव्हते, औषध कोणी विकलं, दुकानदारानं काय सांगून विकलं, हे शोधत जा, पिस्तूल न दाखवताही क्राइम पिक्चर होते.

दिवाळीनंतर पुढचं शूटिंग आहे म्हणता, तर रेतीघाटाचं घ्या. रात्री ट्रॅक्टर भरणारा मजूर धरला जाते, मालकाचं नाव कागदावर येतच नाही. तो मालक कोण करणार हे आधी ठरवा. अन् बेड्यावरच्या दोघा-तिघांले आतापासूनच लिहायले बसवा, एकाले कॅमेरा द्या, त्यांच्या पात्रांले पारधी बोलू द्या, खाली मराठी सबटायटल टाकणं तर तुम्हाले येतेच.