विचारायचं कुणाला?

(मुंबई महापालिकेचं मुख्यालय, बाहेरून. समोर टर्मिनसमधून बाहेर पडणारी सकाळची गर्दी.)

ही इमारत मुंबईकराला ओळख करून द्यायला लागत नाही. कामासाठी आत जायची वेळ मात्र फार थोड्यांवर येते. डिसेंबर २०२२ च्या शेवटी इथल्या राजकीय पक्षांच्या कार्यालयांना सील लागलं. शिवसेनेचे दोन गट एका कार्यालयाच्या ताब्यावरून समोरासमोर आले, वादावादी झाली आणि प्रशासनाने सगळ्याच पक्षांची दारं बंद करून टाकली. त्याने फारसं काही अडलंही नाही, कारण त्या कार्यालयांत बसायला नगरसेवकच उरले नव्हते. त्यांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये याच इमारतीत मुंबई उपनगरच्या पालकमंत्र्यांसाठी दालन उघडलं. नगरसेवकांच्या दाराला कुलूप आणि मंत्र्यांना दालन. मंत्रीही लोकांनीच निवडलेले, हे खरं. पण विधानसभेसाठी निवडलेले. गटाराच्या झाकणासाठी नव्हे.

देशाच्या राजकारणाची काळजी म्हटलं की आपण लगेच दिल्लीत पोचतो. कोण कुणाबरोबर गेलं, कोणता पक्ष फुटला, चिन्ह कुणाला मिळालं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून नाती तुटली आहेत. ती काळजी खोटी नाही. पण आज आपण त्याच काळजीच्या जरा खालच्या मजल्यावर उतरणार आहोत. तिथे पक्ष कोणता हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की नळाला गढूळ पाणी आलं तर विचारायचं कुणाला?

(कोऱ्या पडद्यावर तारीख उमटते: २१ फेब्रुवारी २०१७.)

या दिवशी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकसह दहा महापालिकांसाठी मतदान झालं. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, शहरांच्या कारभाराला घटनेतच जागा मिळाली. कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी. इतकं स्पष्ट वाक्य घटनेत फार ठिकाणी सापडत नाही.

पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला.

मधल्या काळाचा हिशेब एका काल्पनिक मुलीवरून करू. मार्च २०१७ मध्ये ती अठरा वर्षांची झाली. महिनाभराच्या फरकाने तिचं पहिलं मत हुकलं. महापालिकेसाठी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ती सत्तावीसला टेकली होती. मधल्या काळात तिने दोनदा लोकसभेला आणि दोनदा विधानसभेला मतदान केलं. म्हणजे पंतप्रधान आणि मुख्यमंत्री ठरवण्यात तिचा वाटा होता. तिच्या गल्लीतला दिवा कुणी लावायचा, यात नव्हता.

तिच्यापेक्षा जास्त थांबलेली शहरंही आहेत. आताचं छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. २०२५ च्या शेवटी निवडणुकांचा कार्यक्रम लागला तेव्हा २९ महापालिका, २४६ नगरपरिषदा, ४२ नगरपंचायती, ३२ जिल्हा परिषदा आणि ३३६ पंचायत समित्या रांगेत होत्या. ग्रामपंचायती सोडल्या, तर विधानसभेच्या खालचा जवळजवळ अख्खा महाराष्ट्र.

कारणं विचाराल, तर प्रत्येक कारण आपापल्या जागी खरं वाटतं. आधी कोविड आला. मग ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या: आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरती माहिती गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. आरक्षणाशिवाय निवडणूक घ्यायला कोणताच पक्ष धजावेना. मार्च २०२२ मध्ये प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, आणि त्याला विरोधकांनीही विरोध केला नाही. ओबीसींची माहिती गोळा करायला नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला, न्यायालयाने तो स्वीकारला. तोवर सरकार बदललं होतं. आधीच्या सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले होते. नव्या सरकारने ते पुन्हा २२७ केले. प्रकरण परत न्यायालयात. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला आणि मग नुसत्या तारखा पडत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ ला न्यायालयानेच बजावलं, की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्यालाही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

या सगळ्या काळात दोन्ही आघाड्या सत्तेत येऊन गेल्या. निवडणूक लांबली म्हणून कुणाचं सरकार पडलं नाही, कुणाला राजीनामा द्यावा लागला नाही. मोर्चेही फारसे निघाले नाहीत. मला विचाराल, तर काळजी करण्यासारखी गोष्ट इथे आहे.

(चौकातले फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हात जोडलेले चेहरे.)

उलट अनेक जण म्हणाले, बरंच झालं. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नगरसेवक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बसथांब्यावर नाव, बाकावर नाव, सार्वजनिक मुतारीवरही ‘यांच्या प्रयत्नांतून’. चांगला पदपथ उखडून नवे ब्लॉक बसवणं. टेंडरमधला वाटा. लोकांनी हे वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यामुळे ते गेले तर जाऊ देत, असं वाटणं स्वाभाविक आहे. गंमत अशी, की फ्लेक्स काही गेले नाहीत. त्या चार वर्षांत चौकाचौकात माजी नगरसेवक होते आणि भावी नगरसेवक होते. आजी तेवढे नव्हते.

मग कारभार कोण चालवत होतं? प्रशासक. म्हणजे महापालिका आयुक्तच. एरवी आयुक्त प्रस्ताव ठेवतात, तो स्थायी समितीपुढे जातो, मोठा असेल तर सर्वसाधारण सभेपुढे. तिथे कुणीतरी हरकतीचा मुद्दा घेतो, कुणी भाव जास्त का म्हणून विचारतो, कुणी निव्वळ अडवतो. हे अडवणंही नेहमी शुद्ध हेतूने होत नाही, हे कुणी नाकारत नाही. पण अडवताना तरी कागद बाहेर येतो, पत्रकारांच्या गॅलरीत कुणीतरी तो टिपून घेतो. प्रशासकाच्या राजवटीत प्रस्ताव ठेवणारी आणि मंजूर करणारी सही एकाच माणसाची. फाइल या टेबलावरून त्याच टेबलावर.

मुंबईत असे तीन अर्थसंकल्प ओळीने मंजूर झाले. २०२३-२४ चा सुमारे ५२,६०० कोटींचा, पुढचा जवळपास ६०,००० कोटींचा, त्यापुढचा ७४,४२७ कोटींचा. देशातल्या काही छोट्या राज्यांचा अर्थसंकल्प याहून लहान असतो. याच काळात रस्ते सिमेंटचे करण्याची सुमारे सहा हजार कोटींची कामं निघाली आणि त्यावर आरोप झाले. आरोप खरे की खोटे, हे या फिल्मला ठरवायचं नाही. एवढंच, की ते पत्रकार परिषदांमधून झाले आणि त्यांना उत्तरंही पत्रकांतूनच आली. ज्या सभागृहात आयुक्तांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, ते बंद होतं.

(सिंहगड रस्ता, पुणे. टँकरची रांग. मागे खडकवासल्याचं पाणी.)

आता जरा पुण्याच्या कडेला जाऊ. खडकवासला धरणाच्या अलीकडे नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं आहेत. पूर्वीची शेतं, आता दहा-बारा मजल्यांच्या इमारती. जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांत तीही होती. ग्रामपंचायती त्या दिवशी संपल्या. गावातलं दप्तर महापालिकेने ताब्यात घेतलं.

ग्रामपंचायत काही फार आदर्श होती असं नाही. बेकायदा बांधकामं तिच्याच डोळ्यांदेखत उभी राहिली. पण सरपंच गावातला होता, देवळाच्या पारावर सापडायचा. ग्रामसभेत उभं राहून त्याला चार शब्द सुनावता यायचे, आणि ते इतिवृत्तात लिहायला लावता यायचे. महापालिकेत आल्यावर त्याच्या जागी नगरसेवक यायला हवा होता. तो यायच्या आतच, मार्च २०२२ मध्ये, पुणे महापालिकेची मुदत संपली. म्हणजे या गावांचा सरपंच गेला, आणि नगरसेवक साडेचार वर्षं आलाच नाही. मिळकतकराची बिलं मात्र वेळेवर आली.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. धरणाचं पाणी नांदेडच्या विहिरीत यायचं, त्यात क्लोरीन टाकलं जायचं आणि तेच घरोघरी जायचं. रीतसर जलशुद्धीकरण केंद्र या भागासाठी नव्हतं.

मग सगळे आले. अधिकारी आले, मंत्री आले, केंद्राचं पथक आलं, कॅमेरे आले. टँकर लागले, घरोघरी सर्वेक्षण झालं. संकट आलं की येणारे पुष्कळ असतात. नगरसेवकाची गरज असते ती त्याच्या आधीच्या तीन कंटाळवाण्या वर्षांत, जेव्हा बातमी होण्यासारखं काही नसतं. दर महिन्याच्या मुख्य सभेत एकाच प्रश्नावर उठून उभं राहायचं, की आमच्या गावांचं शुद्धीकरण केंद्र कुठवर आलं? तो उभा राहिला असता तर केंद्र झालंच असतं, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. पण प्रश्न नोंदला गेला असता, आणि न झालेल्या कामाला एक नाव चिकटलं असतं.

त्याऐवजी लोकांकडे होतं ॲप. फोटो काढायचा, पाठवायचा, क्रमांक मिळतो. काही दिवसांनी निरोप येतो, की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. खिडकीतून पाहावं तर खड्डा होता तिथेच. ॲपशी वाद घालता येत नाही. पुढच्या निवडणुकीत त्याला पाडताही येत नाही.

हे नुसतं महाराष्ट्राचं नाही. बंगळुरूच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि तिथेही वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. चेन्नई २०१६ ते २०२२ या काळात पाच वर्षांहून जास्त नगरसेवकांविना होती. ज्या शहरांच्या जोरावर देश उद्याची स्वप्नं रंगवतो, त्यातल्या तीन मोठ्या शहरांची ही गोष्ट.

आणखी एक नुकसान कुणी फारसं मोजलं नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांच्या. बचत गटातून आलेली, पाण्याच्या रांगेत भांडायला शिकलेली बाई राजकारणात शिरते ती याच दारातून. काही जणी नवऱ्याच्या नावावर येतात आणि नवराच कारभार हाकतो, हेही आहे. पण दुसऱ्या खेपेला यातल्याच काही जणी नवऱ्याला बाहेर बसवतात. दार चार-पाच वर्षं बंद राहिलं, तेव्हा ही दुसरी खेपच गेली.

(मतदान केंद्र. बोटावरची शाई.)

तर १५ जानेवारी २०२६. कोण जिंकलं, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी शाई पुसली जाते की नाही, याचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत फिरत होते. त्याआधीच राज्यभरात साठहून अधिक जागा बिनविरोध निघाल्या होत्या. इतकी वर्षं थांबलेल्या मतदाराला त्या प्रभागात सांगण्यात आलं, की तुमची जागा आधीच भरली आहे. मुंबईत मतदान निम्म्याच्या थोडंसंच वर गेलं.

पुण्यात एका मतदाराने चार वेळा बटण दाबलं. तिथे ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. एक प्रभाग पाचांचा, बाकी सगळे चौघांचे. मुंबई वगळता राज्यभर हीच बहुसदस्य पद्धत. पक्षांना ती सोयीची, एकाच्या लाटेत चौघे तरून जातात. मतदाराला मात्र पाइप फुटल्यावर कुणाचा नंबर फिरवायचा, हे कळत नाही. पहिला म्हणतो ते काम ‘ब’ गटाच्या ताईंकडे आहे, ताई म्हणतात निधी ‘ड’ वाल्या भाऊंच्या यादीत गेला. आधी विचारायला कुणी नव्हतं, आता चौघे आहेत.

यावर उपाय कायद्यात आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली. ग्रामसभेसारखीच, पण शहरातली: काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले मतदार एकत्र बसणार, नगरसेवक समोर असणार, कामांचा क्रम लोक ठरवणार. तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेला आहात? शेजाऱ्यांना विचारून पाहा. हा शब्दच बहुतेकांनी ऐकलेला नसतो. कारण ती बोलवायला कोणत्याच पक्षाचे नगरसेवक उत्सुक नव्हते, आणि मागायला आपणही गेलो नाही.

नव्या सभागृहाची पाच वर्षं २०३१ च्या सुरुवातीला संपतील. यावेळचे प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवर आखले होते. तोपर्यंत नव्या जनगणनेचे आकडे हातात असतील, म्हणजे प्रभाग नव्याने पडतील, आरक्षणाची सोडत नव्याने निघेल, आणि ज्यांची हक्काची जागा जाईल ते न्यायालयात जातील. हे आजच दिसतंय. प्रभाग आखायचा अधिकार सरकारकडेच राहणार की आयोगाकडे परत जाणार, आणि आखणी मुदत संपायच्या किती महिने आधी पुरी करायची, हे ठरवायला चार-साडेचार वर्षं हातात आहेत. आपल्या आमदाराला हे विचारायला २०३० ची वाट पाहायची गरज नाही.