रहाटाचं चाक कण्यावर बसवताना

मंडळी, सुरुवात गुहागरच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीतल्या विहिरीपासून करतो. जांभ्या चिऱ्यांची गोल विहीर आणि तिच्यावर लाकडी रहाट. बैल फिरवतो ते दात्यांचं चाक आडवं, जमिनीला समांतर. त्याच्या दात्यांत अडकून फिरणारं दुसरं चाक उभं. त्याच कण्याच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीच्या तोंडावर, लोट्यांची माळ वाहणारं आणखी एक उभं चाक. आता बहुतेक ठिकाणी पंप आले, त्यामुळे हा रहाट मुलांना चित्रातूनच दाखवावा लागतो. म्हणूनच ते चित्र बरोबर असायला हवं, असं मला फार वाटतं.

एका प्रदर्शनासाठी मी त्याचं आयसोमेट्रिक चित्र संगणकावर काढलं होतं, म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच मापाने दाखवणारं तिरकं चित्र. लाकडांच्या कडा 30 अंशांत, मापं चोख. उभ्या चाकासाठी मात्र मी लंबवर्तुळ घेतलं, बाजूंनी दाबलं आणि सरळ उभं ठेवून दिलं. ज्यांची ती वाडी, त्या काकांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चाक कण्यावर बसलंच नाही हो. एका फेऱ्यात लोटे आपटतील."

त्यांनी भूमिती शिकलेली नव्हती, पण चूक नेमकी तीच होती. चाक आणि कणा एकमेकांशी काटकोनात असतात. चाक तिरकं दिसलं की ते चपटं होतं ते कण्याच्या दिशेनेच. म्हणजे लंबवर्तुळाचा लघु अक्ष, त्याची सर्वांत अरुंद मधली रेषा, कायम कण्याच्या रेषेवर पडतो. माझा कणा कागदावर 30 अंशांत चढत होता आणि लघु अक्ष मात्र आडवा होता. चाकाचा दीर्घ अक्ष, म्हणजे सर्वांत लांब मधली रेषा, कण्याशी काटकोनात, म्हणजे आडव्या रेषेशी 60 अंशांत झुकायला हवा होता. आडव्या चाकाचं काम सोपं. त्याचा कणा उभा, म्हणून दीर्घ अक्ष आडवा. विहिरीच्या तोंडाचंही तेच.

चपटं किती करायचं, हे डोळ्यांवर सोडू नका. वरचं, डावं, उजवं अशा तिन्ही पृष्ठांसाठी प्रमाण एकच आहे: दीर्घ अक्ष 1 असेल तर लघु अक्ष 0.577, म्हणजे 1 भागिले वर्गमूळ तीन. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी 1822 साली ही आयसोमेट्रिक पद्धत मांडली. ते वर्गात यंत्रांचे नमुने जोडून दाखवत. सुटे भाग कसे जोडायचे हे मदतनिसांना कळावं म्हणून त्यांना अशी चित्रं लागत.

आता माप. खऱ्या प्रक्षेपात, म्हणजे वस्तू तिरकी धरून कागदावर जशी उमटेल तशा चित्रात, प्रत्येक कड 0.816 पट होते, पण आपण रोजच्या कामात कडा पूर्ण मापाच्याच काढतो. मग वर्तुळही त्याच हिशेबाने वाढवावं लागतं. 1 मीटर व्यासाच्या चाकाचा दीर्घ अक्ष 1.225 मीटर, लघु अक्ष 0.707 मीटर. पुष्कळ जण दीर्घ अक्षच 1 मीटर ठेवतात आणि चाक चौकटीत सैल पडतं. खात्री करायची तर वर्तुळाभोवतीच्या चौरसाचा समभुज चौकोन काढा. लंबवर्तुळ त्याच्या चारही बाजूंना बरोबर मध्यावर टेकलं पाहिजे. कंपासने चार केंद्रांवरून काढतो ती आकृतीही तिथेच टेकते, पण तिचा दीर्घ अक्ष सुमारे 6 टक्के तोकडा राहतो. फळ्यावर हे चालतं. संगणकावर खरं लंबवर्तुळ मिळत असताना ती तडजोड कशाला करायची?

ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅप (कर्सर जाळीवर अडकवणारी सोय) आयसोमेट्रिक करा, मग एलिप्स आज्ञेत आयसोसर्कल हा पर्याय दिसतो. एफ5 दाबून पृष्ठ बदला. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं वर्तुळ घ्या, उंची 86.6 टक्के करा, 30 अंश तिरकं करा आणि 30 अंश फिरवा. कुठल्या दिशेने, हे पृष्ठावर अवलंबून आहे. म्हणून आधी एका चौरसावर करून बघा, त्याच्या कडा आयसोमेट्रिक जाळीच्या रेषांवर बसल्या की दिशा बरोबर.

विहिरीच्या काठावर जरा थांबतो, कारण तिथे कसलेले हातही चुकतात. आतला व्यास 3 मीटर, चिऱ्यांची जाडी 40 सेंटीमीटर. आतलं लंबवर्तुळ काढून त्याला सगळीकडून सारखं अंतर देणारी ऑफसेट आज्ञा दिली, की काठ टायरसारखा दिसतो. चित्रात ती जाडी सगळीकडे सारखी नसतेच. डाव्या-उजव्या टोकांना ती 49 सेंटीमीटर भरते, समोर जेमतेम 28. त्यामुळे बाहेरचं वर्तुळ 3.8 मीटर व्यासाचं, त्याच केंद्रावर, नव्याने काढायचं.

आता पडद्यावर तीच विहीर घेतो. आधी कणा ओढू, 30 अंशांत. चाक त्यानंतर.