कळलावीचं बी आणि रक्तातली पांढरी पेशी

श्रावणात सह्याद्रीच्या पायथ्याची कुंपणं बघा. करवंदीच्या जाळीतून कळलावी वर आलेली असते. पानाच्या टोकालाच ताणा फुटतो आणि तो शेजारची काटकी धरतो. कळी मान खाली घालून असते, उमलताना मात्र सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात. आधी हिरवट पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर सगळे रंग.

हे तामिळनाडूतलं शेत. तिरुप्पूर, करूर, दिंडुक्कल भागात कळलावीची लागवड होते. फुलाची रचना जवळून पाहा: कुक्षिवृंत, म्हणजे पराग घेणारी दांडी, काटकोनात एका बाजूला वळलेला, परागकोश भलतीकडे. पराग आपोआप जागेवर पडणं अवघड. म्हणून सकाळीच माणसं फुलाफुलापाशी थांबून हातानं परागण करतात. एकेक फूल, अख्खं शेत. शेंग वाळून तडकली की आत केशरी-लाल बिया. औषधाच्या पाकिटावर या हातांचा उल्लेख कुठेच नसतो.

बियांत आहे कोल्चिसिन, औषधात वापरलं जाणारं रसायन. 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं, कळलावीच्याच कुळातल्या कोल्चिकम या वनस्पतीपासून.

आता सूक्ष्मदर्शकाखाली. ही सरकणारी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तातली एक पांढरी पेशी. सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचले की या पेशी तिकडे धावतात, स्फटिक गिळतात, सूज भडकवतात. पेशीच्या आत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका असतात, मांडवाच्या वाशांसारख्या. त्यांच्या आधारानं पेशी दिशा धरते. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नवी नलिका जुळूच देत नाही. पेशीची धाव मोडते. औषध बाहेर फेकणारा पंप न्यूट्रोफिलमध्ये तोकडा असतो, त्यामुळे ते तिथेच साठतं. म्हणून अर्ध्या मिलिग्रॅमची गोळीही परिणाम करते.

युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी सांधे सुजण्याच्या या आजारावर, म्हणजे गाऊटवर, हे औषध जुनंच आहे. 2023 मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांसाठीही त्याला मंजुरी मिळाली. कळलावीचा कंद मात्र जीवघेणा विषारी, त्यावर खात्रीचा उतारा नाही.

लागवडीसाठी हेच कंद रानातूनही उकरून नेले जातात. लागवडीचे कंद रोपवाटिकांतच वाढवून शेतकऱ्यांना मिळायला हवेत, आणि ती सोय व्हायला आधीच उशीर झाला आहे.