आईची चप्पल, मुलीच्या मापात

लहान मुलींचा हा टॉप पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. नुसता पाहू नका, हात लावा. आतल्या पट्टीवर वय छापलंय, 6-7 वर्षं. आता छातीखाली बोट फिरवा, दोन्ही बाजूंना एकेक टक, म्हणजे कापड दुमडून शिवलेली चुणी, हाताला लागेल. ज्यांनी कधी ब्लाउज बेतलाय त्यांना टक्स कशासाठी घालतात हे सांगायला नको. सपाट कापडाला गोलाई द्यायची असते, म्हणून. सहा वर्षांच्या मुलीच्या आणि सहा वर्षांच्या मुलाच्या अंगाच्या मापांत फारसा फरक नसतो. मी इतकी वर्षं शिवण शिकवतेय, पण हे टक्स कुणाच्या अंगासाठी घातलेत ते मला सांगता येणार नाही. मोठ्या बाईचा कपडा घेतला आणि तोच आक्रसत आणला, एवढंच झालंय.

यावर कुणी म्हणतं, यात नवीन काय? खरंय, नवीन नाही. स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचं 1656 मधलं ‘लास मेनिनास’ हे चित्र आठवा. मधोमध उभी असलेली राजकन्या मार्गारीता जेमतेम पाच वर्षांची आहे. आवळलेली चोळी आणि दोन्ही बाजूंना पसरलेला ताठ घागरा. हात सरळ खाली सोडायला जागाच नाही. याच मुलीची वेगवेगळ्या वयांतली चित्रं व्हिएन्नाला पाठवली जात. तिथल्या सम्राट लेओपोल्डशी तिचं लग्न ठरलेलं होतं. म्हणजे स्थळाकडे पाठवायचे फोटोच ते! तेव्हा निदान हेतू लपवलेला नव्हता.

आता हेतू कुणी सांगत नाही. 2010 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या दुकानसाखळीनं सात वर्षांच्या मुलींसाठी पॅड लावलेली बिकिनी विकायला ठेवली होती. ओरड झाली तेव्हा काढून घेतली. पुढे सरकारनं मदर्स युनियन या संस्थेचे प्रमुख रेग बेली यांना, मुलांवर मोठेपण लादणाऱ्या या सगळ्या बाजाराचा आढावा घ्यायला सांगितलं. जून 2011 मध्ये त्यांचा अहवाल आला. विक्रेत्यांनी मुलांच्या कपड्यांबाबत आपणहून नियम पाळावेत, असा त्याचा सूर होता. आपणहून! असो.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग. कॉलेजातल्या मुलामुलींना एकेकटं खोलीत पाठवलं. खोलीत आरसा. कुणाला स्वेटर घालायला दिला, कुणाला पोहण्याचा पोशाख, आणि तसंच बसवून गणितं सोडवायला लावली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. मुलांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. लक्षात घ्या, खोलीत पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या पोरी स्वतःच स्वतःकडे बघत होत्या. बरं, या कॉलेजातल्या. सहा वर्षांच्या पोरीला ही सवय आपण कपड्यांबरोबर फुकट देतो.

“पण तिलाच आवडतं हो,” असं आया म्हणतात. आवडणारच! आईच्या उंच टाचेच्या चपला घालून खडखड करत घरभर फिरणं कुठल्या पोरीला आवडत नाही? पण त्या चपलेत मागे चार बोटं जागा उरते. दोन पावलांत ती घसरते, पोरगी पडते, हसते, चपला भिरकावून पळते. त्या उरलेल्या जागेतच सगळा खेळ असतो. तीच चप्पल तिच्या मापाची करून दिली की ती भिरकावत नाही, दिवसभर घालते. पावलाची हाडं तर या वयात अजून पक्की व्हायची असतात.

म्हणून दुकानात मी मुलीला आरशापुढे उभं करत नाही. खाली बस म्हणते, वाकून काहीतरी उचल म्हणते, दोन्ही हात वर कर म्हणते. वर केलेला एक हात लगेच खाली येऊन टॉपचा काठ ओढायला लागला, की तो कपडा परत टांगायचा.

टॉप मागच्या रांगेपर्यंत पोचला का? त्याचा उजवा टक मी काल रात्री उसवलाय, फरक दिसावा म्हणून. सुईची भोकं अजून दिसतील, एका धुण्यात जातील. डावा तुमच्यापैकी कुणीतरी उसवा. कात्री टेबलावर आहे.